आधी खूण, मग पाना

उघडून पाहण्याची ओढ मनुष्याला जन्मतःच असते. पुन्हा जुळवण्याची कला मात्र त्याला शिकावी लागते. गजराचे घड्याळ बंद पडावे, वडीलधाऱ्यांची दृष्टी चुकवून मुलाने ते उघडावे, आतील चाके, कमान आणि खिळे चटईवर मांडावेत, आणि तासाभराने सारे पुन्हा आत बसवल्यावर एक चाक हातात शिल्लक राहावे, असा प्रसंग पुष्कळ घरांत घडून गेलेला असतो. त्या उरलेल्या चाकाकडे पाहताना मुलाला एक गोष्ट उमगते. यंत्र म्हणजे भागांचा ढीग नव्हे. प्रत्येक भागाची जागा ठरलेली असते, आणि जागेइतकीच त्याची वेळही ठरलेली असते.

जागा चुकली तर डोळ्यांना दिसते. वेळ चुकली तर ती सहसा दिसत नाही. म्हणूनच ती अधिक फसवी असते. याचे उत्तम उदाहरण मोटारीच्या इंजिनात सापडते. इंजिनाच्या पुढच्या बाजूस, एका झाकणाआड, दोन दातेरी चाके असतात. एक लहान, दुसरे मोठे. सायकलच्या साखळीसारखी एक साखळी त्या दोहोंना बांधून ठेवते. जुन्या घडणीच्या पुष्कळ मोटारींत ही रचना आढळते; मारुती 800 सारख्या गाड्यांत साखळीच्या जागी दातेरी पट्टा आला. साखळी असो वा पट्टा, काम एकच: एका दांड्याचे फिरणे दुसऱ्या दांड्यापर्यंत बिनचूक पोहोचवणे. लहान चाक ज्या दांड्यावर बसते तो क्रँकशाफ्ट; मोठे चाक ज्यावर बसते तो कॅमशाफ्ट. पहिला शक्ती देतो. दुसरा वेळ पाळतो.

वेळ पाळणे म्हणजे काय, हे खानदेशातील शेतकऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या खोऱ्यात फड पद्धतीची शेती शतकानुशतके चालत आली आहे. नदीवर बंधारा घालावा, बंधाऱ्यातून पाट काढावा, पाटाखालची जमीन साधारणपणे तीन-चार फडांत विभागावी आणि गावाने ठरवलेल्या क्रमाने शेतांना पाणी द्यावे, अशी ही रीत. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे. शेताचा धनी कितीही मोठा असला, तरी त्याने आपल्या मनाने पाटाचे तोंड फोडायचे नाही. पाटकरी येईल, बांध उघडेल, शेत भिजले की बांध बंद करील आणि पुढच्या शेताकडे वळेल. आता विहिरी वाढल्या, मोठी धरणे झाली. त्यामुळे या पद्धतीचा पूर्वीचा विस्तार राहिलेला नाही. परंतु तिच्यातील शहाणपण जुने झालेले नाही. पाणी थोडे असले तरी क्रम पाळला तर सर्वांना पुरते. क्रम मोडला तर भरल्या पाटाकाठीही भांडणे होतात.

कॅमशाफ्ट हा इंजिनाचा पाटकरी होय. इंजिनाच्या नळकांड्यात, म्हणजे सिलिंडरात, एक दट्ट्या खालीवर होत असतो. कारागीर त्याला पिस्टन म्हणतात. 1876 मध्ये जर्मनीतील निकोलाउस ऑटो याने चार ठोक्यांचे इंजिन यशस्वीरीत्या चालवून दाखवले, आणि आजही पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक मोटारी त्याच रीतीने चालतात. पहिल्या ठोक्यास दट्ट्या खाली जातो, आत येण्याची झडप उघडते आणि पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. दुसऱ्या ठोक्यास दोन्ही झडपा मिटतात आणि वर येणारा दट्ट्या त्या मिश्रणावर दाब देतो. तिसऱ्या ठोक्यास ठिणगी पडते, मिश्रण पेट घेते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. चौथ्या ठोक्यास बाहेर जाण्याची झडप उघडते आणि जळून गेलेला वायू बाहेर पडतो. चार ठोक्यांपैकी शक्ती देणारा ठोका एकच. उरलेले तीन त्याची तयारी आणि आवराआवर करणारे. मनुष्याच्या कामातही फळाचा क्षण एक आणि तयारीचे क्षण अनेक, असेच नाही का?

या चार ठोक्यांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. मात्र तेवढ्या काळात प्रत्येक झडप एकदाच उघडायची असते. म्हणून झडपांचा कारभार पाहणाऱ्या कॅमशाफ्टने दोन फेऱ्यांमागे एकच फेरा घ्यावा लागतो. हे साधायचे कसे? उत्तर अगदी साधे आहे. मोठ्या चाकाला लहान चाकाच्या दुप्पट दात द्यावेत. समजा, लहान चाकाला 20 दात आहेत. तर मोठ्याला 40 हवेत. लहान चाक दोनदा फिरेल तेव्हा मोठे एकदा फिरेल. शाळेत शिकलेले गुणोत्तर येथे पोलादात उतरलेले दिसते.

आता याच हिशेबाने पुढे जावे. 40 दातांच्या चाकावर एक दात म्हणजे पूर्ण वर्तुळाचा चाळिसावा भाग, म्हणजे 9 अंश. मोठे चाक 9 अंशांनी चुकले, तर क्रँकशाफ्टच्या मापाने ती चूक 18 अंशांची होते. झडप लवकर तरी उघडते किंवा उशिरा तरी. मग इंजिन सुरू होताना कुरकुरते, चढावर दम टाकते, पेट्रोल अधिक पिते. काही इंजिनांची घडण अशी असते, की चूक आणखी वाढली तर वर येणारा दट्ट्या उघड्या राहिलेल्या झडपेवर आदळतो आणि झडप वाकते. पाटकऱ्याची वेळ चुकली आणि मिटायचे तोंड उघडे राहिले, तर शेतात जे होते तेच येथे होते. फरक एवढाच की शेतात चिखल होतो आणि येथे लोखंड मोडते.

धुळे हे शहर वाटांचे शहर आहे. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा, असे दोन मोठे रस्ते येथे एकमेकांना भेटतात. रात्रंदिवस मालमोटारींची ये-जा चालू असते, आणि जेथे वाहने तेथे त्यांचे वैद्यही असायचेच. तेलाने काळवंडलेल्या हातांच्या या मिस्तरी मंडळींपैकी कोणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेले असतात, तर कोणी लहानपणापासून उस्तादाच्या हाताखाली पाने उचलून देत तयार झालेले असतात. चालत्या इंजिनाचा आवाज ऐकून त्याचा रोग सांगणारे कान या शहरात पुष्कळ आहेत.

याच धुळ्यात, पांझरेच्या पलीकडील देवपूर भागात, एका घरी एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात, इटलीच्या फियाट मोटारीवरून, या गाड्या घडत असत. त्यांचे उत्पादन थांबून आता बराच काळ लोटला. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेही निरोप घेतला. या घरातील आबा नोकरीतून निवृत्त झालेले. गाडी त्यांनी उमेदीच्या काळात घेतली आणि जिवापाड सांभाळली. एके दिवशी इंजिनाच्या पुढच्या भागातून खडखड ऐकू येऊ लागली. ओळखीच्या वृद्ध मिस्तरींनी क्षणभर कान दिला आणि ते म्हणाले, “आबा, साखळी ढिली झाली. बदलावी लागेल.”

आबांच्या मनात हे काम आपल्या हातांनी करण्याचे फार दिवसांपासून होते. पैसे वाचवावेत हा हेतू नव्हता. ज्या गाडीने इतकी वर्षे सोबत केली, तिचे अंतरंग एकदा तरी स्वतः पाहावे, एवढीच इच्छा. मिस्तरींनी त्यांना अडवले नाही. त्यांनी चाक ओढून काढण्याचे साधन दिले, बोल्ट किती जोराने आवळला हे दाखवणारा पाना दिला, आणि निघताना एकच गोष्ट बजावली: “आधी खूण, मग पाना. खूण केल्याशिवाय बोल्टला हात लावू नका.”

आबांची नात सातवीत शिकते. तिच्याकडे वहीचे काम आले. जे जे निघेल, त्याचा क्रमांक, त्याची जागा आणि त्याचे चित्र तिने वहीत उतरवायचे. जाड पुठ्ठ्याला भोके पाडून तिने त्यावर झाकणाचा आकार काढला, आणि जो बोल्ट जेथून निघेल तो पुठ्ठ्यावरील त्याच जागी खोवून ठेवला. कारण एकाच झाकणाचे सारे बोल्ट सारख्याच लांबीचे असतील असे नाही.

कामाला आरंभ झाला तो पहाटे. वैशाखात खानदेशचे ऊन असे तापते, की दुपारी लोखंडाला हात लावणे कठीण व्हावे. गाडी सपाट जागी उभी केली. चाकांना दगडांची ओट दिली. बॅटरीची तार सोडवून ठेवली. रात्रभर थंड झालेल्या रेडिएटरमधील पाणी काढून घेतले. गरम रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे उकळत्या पाण्याचा फवारा अंगावर घेणे होय, हे नातीला समजावून सांगितले. मग रेडिएटर निघाला, पंखा निघाला, पट्ट्याचे चाक निघाले, आणि शेवटी पुढचे झाकण दूर झाले. आत तेलात न्हालेली ती दोन चाके आणि त्यांना वेढून बसलेली साखळी दिसली. नात काही क्षण नुसती पाहतच राहिली.

प्रत्येक चाकावर कारखान्यातच कोरलेला एक ठिपका होता. स्पार्क प्लग काढून ठेवल्यामुळे इंजिन हाताने सहज फिरत होते. आबांनी पाना लावून ते हळूहळू फिरवले. दोन्ही ठिपके समोरासमोर आले तेव्हा ते थांबले. नातीने बारीक कुंचल्याने त्या ठिपक्यांवर पांढरा रंग लावला आणि वहीत चित्र काढले. त्यानंतरच मोठ्या चाकाच्या मधल्या बोल्टला पाना लागला. बोल्ट सुटू नये म्हणून त्याखालच्या वॉशरची कड दुमडलेली होती. ती आधी सरळ करावी लागली. चाक दांड्यावर घट्ट बसले होते. आबांचा हात सवयीने हातोडीकडे गेला. परंतु ठोकून काढलेल्या चाकाचे दात दुखावतात हे आठवून त्यांनी मिस्तरींचे साधन लावले. खालून तेलाच्या टाकीत काही पडू नये म्हणून तिच्या तोंडावर स्वच्छ फडके अंथरले होते. एकदा इकडे, एकदा तिकडे, असे थोडे थोडे ओढत दोन्ही चाके साखळीसकट एकदमच बाहेर आली. त्यांच्याबरोबर अर्धचंद्रासारखी एक लहान पोलादी पट्टी निघाली. चाकाला दांड्याशी जखडून ठेवणारी ती हीच. नखाएवढी ती वस्तू नातीने वाटीत ठेवली आणि वाटीवर झाकण घातले.

या वेळी आबांनी नातीला एक नियम सांगितला: “चाके परत बसेपर्यंत आता कोणताच दांडा फिरवायचा नाही. त्या दोघांना बांधणारी साखळी निघाली आहे. एक फिरला तर दुसऱ्याला कळायचे नाही.”

चाकांचे दात तपासले. ते शाबूत होते. नवी साखळी घालून चाके परत बसवण्यास संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीला जळगावास डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचे होते, आणि ते गाडीनेच जावे असे सर्वांच्या मनात होते. लहान चाक बसेना, म्हणून आबांनी क्रँकशाफ्ट केसभर हलवला, आणि चाक बसले. वरून वाकून पाहिले तर दोन्ही पांढरे ठिपके समोरासमोर दिसत होते. आबांनी समाधानाचा निःश्वास टाकला.

नात मात्र गाडीसमोर गुडघे टेकून बसली होती. तिने दप्तरातील फूटपट्टी आणली आणि दोन्ही चाकांच्या मध्यबिंदूंना जोडून धरली. दोन्ही ठिपके त्याच रेषेवर यायला हवे होते. वरचा आला, खालचा रेषेच्या किंचित बाजूला राहिला. तिने वहीतील चित्र पाहिले, पुन्हा पट्टी धरली, आणि हलक्या आवाजात म्हणाली, “आबा, एक दात चुकला आहे.”

अंधार पडत चालला होता. आबांचे गुडघे दुखत होते. घरातून कोणी म्हणाले, “एका दाताने काय बिघडते? सकाळी जायचे आहे ना?” वडीलधाऱ्या माणसाला अशा वेळी नातवंडाचे म्हणणे हसून बाजूला सारता येते. आबांनी तसे केले नाही. ते खाली बसले, त्यांनी स्वतः पट्टी धरली, एक डोळा मिटून पाहिले, आणि म्हणाले, “बरोबर आहे तुझे. वरून पाहिले म्हणून मला सरळ दिसले. पुन्हा काढू. आजी उद्या एस. टी.ने जाईल.”

दुसऱ्या दिवशी आजी एस. टी.ने गेली. तिसऱ्या दिवशी चाके पुन्हा निघाली आणि पुन्हा बसली. या वेळी पट्टीने रेषा मान्य केली. तरीही आबांनी लगेच चावी फिरवली नाही. पाना लावून त्यांनी क्रँकशाफ्टचे दोन पूर्ण फेरे हाताने घेतले. कोठे काही अडखळते का, हे हाताला कळत होते. यंत्राच्या जोराला ते कळले नसते. दोन फेऱ्यांनंतर ठिपके पुन्हा आपल्या जागी आले. मग मधला बोल्ट ठरल्या जोराने आवळला, वॉशरची कड दुमडली, आणि पुठ्ठ्यावरील बोल्ट एकेक करून आपापल्या घरी परतले. पुठ्ठा रिकामा झाला. हातात एकही शिल्लक राहिला नाही. सायंकाळी मिस्तरी आले. त्यांनी इंजिनाला कान दिला, नातीची वही उलटून पाहिली आणि एवढेच म्हणाले, “ही वही जपून ठेव, बेटा.”

खूण करून ठेवण्याची ही विद्या केवळ कारखान्याची नव्हे. याच धुळ्यात इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 1926 मध्ये देह ठेवला, आणि त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात जुनी कागदपत्रे जतन झाली. जुन्या पोथ्यांची पाने शिवलेली नसत. ती सुटी असत. वाऱ्याच्या एका झोताने साऱ्या ग्रंथाचा क्रम विस्कटावा, अशी ही रचना. म्हणून लेखनिक पानाच्या समासात त्याचा अंक घालीत असे. पाने उधळली, हस्तांतरे झाली, पिढ्या गेल्या, तरी त्या लहानशा अंकांवरून पोथी पुन्हा जुळवता येते. लेखनिकाच्या अंकात आणि नातीच्या पांढऱ्या ठिपक्यात तत्त्वतः फरक नाही. दोघांनीही आपल्या स्मरणशक्तीवर विसंबण्याचा मोह टाळला. ज्याला पुन्हा जुळवायचे असते तोच आधी खूण करतो. नुसते मोडायचे असते त्याला खुणेची गरज कधीच भासत नाही.

आठ दिवसांनी आजीला पुन्हा डोळे दाखवायचे होते. त्या दिवशी पद्मिनी निघाली. पारोळा मागे पडले, एरंडोल मागे पडले, दोहो बाजूंना नांगरून ठेवलेली काळी जमीन आणि मधूनच केळीची हिरवी बाग दिसू लागली. धुळ्याहून जळगाव सुमारे 90 किलोमीटर. दीड तासाच्या वाटेत इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत राहिले, तर एकूण 2 लाख 70 हजार फेरे होतात, आणि प्रत्येक झडपेला 1 लाख 35 हजार वेळा उघडावे व मिटावे लागते. मागच्या आसनावर बसून नातीने हा गुणाकार वहीच्या शेवटच्या पानावर केला. उत्तर तिने दोनदा तपासले, आणि मग खिडकीची काच खाली करून ती इंजिनाचा आवाज ऐकत राहिली. त्यात खडखड नव्हती.